पाणी एकदम उतरलं असं धरा

हस्त लागून चार दिवस झाले. वसतिगृहाच्या पत्र्यावर दुपारपासून पाऊस वाजतो आहे. माझ्यापुढे आलेखाचा कागद आहे, कागदावर मातीच्या धरणाचा छेद आहे, आणि हातातला कंपास मघापासून एकाच जागी टोचलेला आहे.

शेजारच्या खोलीतला सोबती डोकावून गेला. "काय रे, अजून पहिलंच वर्तुळ?" त्याची सात काढून झाली होती. तसं हे काम अवघड नाही. उतारावर एक कंस काढायचा आणि माती या कंसावरून निसटेल असं मानायचं. कंसावरच्या मातीचे उभे काप पाडायचे, प्रत्येक कापाचं वजन काढायचं, कोन मोजायचा आणि स्लाइडरूल सरकवत बेरजा करायच्या. मातीला धरून ठेवणारा जोर भागिले तिला खाली ओढणारा जोर. उत्तर एकाच्या वर आलं तर उतार टिकतो, एकाच्या खाली गेलं तर जातो. मग दुसरं वर्तुळ, मग तिसरं, जोवर सगळ्यांत लहान उत्तर सापडत नाही तोवर.

पण या प्रश्नाची पहिलीच ओळ अशी आहे : जलाशयातील पाणी एकदम उतरले असे धरा.

मी तिथेच थांबलो आहे. दोन वर्षांपूर्वी, याच नक्षत्रात, मी हे धरलं होतं. तेव्हाही कागदावरच धरलं होतं. फक्त त्या कागदातल्या तळ्याच्या पाळीच्या, मातीच्या बांधाच्या, पायथ्याशी खरोखरीची वीस घरं होती.

मामाचं गाव मूल गावाच्या पलीकडे, जंगलाला लागून. नागपूरहून निघालं की नागभीडला गाडी बदलायची, मूलला उतरायचं आणि पुढे मामाची बैलांची खाचर. हस्तात तो रस्ता म्हणजे चाकभर चिखल. दोन्ही बाजूंना बांध्यांमधून, बांध घातलेल्या शेतांमधून, धान उभा असतो. लवकर येणारा हलका धान पिवळा पडू लागलेला, उशिरा येणारा भारी धान अजून हिरवागार, पोटरीत आलेला, आणि त्या सगळ्यावर एक गोडसर, दुधाळ वास. हा वास मला अजूनही कुठेही येतो. माती तपासायच्या प्रयोगशाळेत ओल्या चिकणमातीचा डबा उघडला तरी येतो. कदाचित तो धानाचा नसेलच, त्याच्या मुळाशी मुरलेल्या पाण्याचा असेल.

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बाबा बल्लारशाला लाकडाच्या डेपोत सागाच्या ओंडक्यांवर हातोड्याने नंबर ठोकतात. मी काय शिकतो हे त्यांना लोकांना नीट सांगता येत नाही. "पोरगा माती शिकून राह्यला," असं ते सांगतात, आणि ऐकणारा हसतो. त्या वर्षी कॉलेजने आम्हांला दसऱ्याच्या सुट्टीत कुठल्या तरी कामावर जाऊन पाहून या, असं सांगितलं. मामाच्या गावच्या तळ्याची पाळ त्याच उन्हाळ्यात उंच केली होती. पूर्वी ते तळं मालगुजाराचं, म्हणजे जमीनदाराचं होतं; मालगुजारी गेली, तळं सरकारकडे आलं. काम पाहणारे ओव्हरसियर शाळेच्या एका खोलीत मुक्कामाला होते. मी मामाकडे राहायचं आणि दिवसा त्यांच्यासोबत हिंडायचं, असं ठरलं. मला त्याचा अभिमान वाटत होता. वहीत उतरवलेली माती आता पायाखाली येणार होती.

पहिल्याच दिवशी आम्ही पाळीवरून चालत गेलो. डाव्या हाताला काठोकाठ पाणी, त्यावर पावसाचे थेंब. उजव्या हाताला पाळीचा उतार आणि उताराच्या पायथ्याशी गोंडांचा टोला, म्हणजे वस्ती. कुडाच्या भिंती, भोपळ्याचे वेल चढलेली छपरं, छपरांतून झिरपणारा धूर. पाळीवर उभं राहिलं की तळ्याचं पाणी त्या छपरांच्या कितीतरी वर आहे हे एका नजरेत दिसायचं. टोल्यातल्या माणसांना ते रोजच दिसत असणार.

ओव्हरसियर वाकले. पाळीच्या माथ्यावर, लांबीच्या दिशेने, एक भेग गेली होती. त्यांनी तिच्यात बोटं घातली. तीन बोटं सहज गेली. मग आम्ही बाहेरच्या उतारावरून खाली उतरलो. पायथ्यापासून पुरुषभर उंचीवर गवत जास्तच हिरवं होतं आणि पाय ठेवला की माती पचकत होती.

"पाणी बाहेर येऊन राह्यलं," ते म्हणाले. ते वर्धेकडचे, बोलणं कमी. "आता दोनच गोष्टी. तळं रिकामं करायचं, नाही तर असंच राहू द्यायचं. चांद्याहून साहेब येईल म्हणावं तर नाल्याला पूर आहे. इंजिनिअर, तुम्ही शिकून राह्यले ना हे? मग मांडा हिशेब."

त्यांनी मला 'इंजिनिअर' म्हटलं ते थट्टेने की खरंच, हे मला तेव्हा कळलं नाही. पण मी हो म्हटलं.

टोल्यातल्या लोकांना उंचावर चला म्हणून सांगितलं होतं. म्हातारी माणसं आणि लेकरं शाळेत आली. पण ढोरं, धान्याच्या कोठ्या, कोंबड्या, चुली उचलून नेता येत नाहीत, आणि उजाडलं की सगळे परत खालीच जायचे. तळं रिकामं करावं तर भारी धान निसवायच्या बेतात होता. त्याला अजून महिनाभर पाणी लागणार होतं, आणि हस्तानंतर पावसाचा भरवसा नव्हता. मामाच्या सगळ्या बांध्या तळ्याच्या पाण्यावर, अगदी शेवटच्या टोकाला. सगळा भारी धान.

आता मागे वळून पाहताना वाटतं, आकडेमोडीची भीती बाळगायचं काही कारणच नव्हतं. बेरीज चुकली तर दुसऱ्यांदा करता येते. भीती बाळगायला हवी होती ती बेरजेच्या आधीच्या अर्ध्या तासाची. कुठला उतार घ्यायचा, आतला की बाहेरचा? माती गोल कंसावरून निसटेल की सरळ पाचरीसारखी? पाळ सगळी एकच माती आहे असं मानायचं का? आणि पाणी कसं वागतंय असं समजायचं? या सगळ्याचं मिळून एक साचा बनतो आणि मग आकडे त्या साच्यात मुकाट ओतले जातात. साचा चुकला तर आकडे तक्रार करत नाहीत. ते तेवढ्याच सुबकपणे जागेवर बसतात.

तो अर्धा तास मी फार सोप्या रीतीने घालवला. माझ्या वहीत सोडवून दाखवलेलं एकच उदाहरण होतं. त्यात आतला उतार होता, गोल कंस होता, आणि पाणी एकदम उतरलं असं धरलेलं होतं. मी तेच घेतलं.

त्यामागचा विचार खरा आहे, आणि मला तो तेव्हा फार सुंदरही वाटला होता. तळं भरलेलं असतं तेव्हा पाणीच पाळीच्या आतल्या उताराला बाहेरून टेकू देत असतं. पाणी एकाएकी काढून घेतलं की टेकू जातो, पण मातीच्या पोटातलं पाणी तितक्या लवकर निघत नाही. ते आतच राहतं, मातीला जड करतं, तिचे कण एकमेकांपासून सैल करतं, आणि उतार तळ्यात घसरतो. शाळेच्या ओसरीवर मी दोन दिवस बसलो. वर्तुळं काढली. मातीची ताकद म्हणून पुस्तकातला आकडा घेतला, कारण माती तपासायची पेटी नागपूरला होती. पाचही वर्तुळांचं उत्तर एकाच्या खाली आलं.

मी ओव्हरसियरांना कागद दाखवला. "पाणी काढलं तर पाळ आतून जाईल," मी म्हणालो.

त्यांनी कागद बराच वेळ पाहिला. "म्हणजे काढू नये?"

"काढू नये."

त्यांनी ते आपल्या नोंदवहीत लिहिलं. माझ्या नावासकट.

संध्याकाळी मामाला सांगितलं तेव्हा त्याने गोठ्यातूनच हाक मारली, "अवो, ऐकलं काय? भाचेबुवानं पाणी वाचवलं आपलं!" मामीने गुळाचा खडा आणून माझ्या हातावर ठेवला. तो तोंडात विरघळत असताना एक विचार मनात येऊन गेला आणि मी तो झटकला. उत्तर उलटं आलं असतं तर मी सहावं वर्तुळ काढलं असतं का? मामाच्या धानाच्या बाजूने उत्तर आलं म्हणून मी पाचवर थांबलो का? आजही मला हे नक्की सांगता येत नाही.

पुढचे दोन दिवस पाऊस उघडला नाही. सागाची मोठाली पानं पावसाखाली एकसारखी तडतडत होती. त्या आवाजात दुसरं काही ऐकू येत नसे आणि मला सारखं काहीतरी ऐकू येतंय असं वाटे. भेगेच्या दोन्ही बाजूंना आम्ही बांबूच्या दोन खुंट्या ठोकल्या होत्या, आणि त्यांच्यातलं अंतर मी एका कामटीवर खूण करून मोजत होतो. सकाळी एक खूण, दुपारी एक, संध्याकाळी एक. खुणा एकमेकींपासून दूर सरकत होत्या. बाहेरच्या उतारावरची ओल टोल्याच्या बाजूला पसरली होती आणि तिच्या खालची माती तव्यावर फुगू लागलेल्या भाकरीसारखी किंचित वर आली होती. तो फुगवटा मी पाहिला आणि लगेच मान वळवली. माझ्या हिशेबात तो उतार नव्हताच.

तिसऱ्या दिवशी सकाळी सोमीबाई पाळीवर आल्या. टोल्यातल्या त्या मडावींच्या घरच्या. तळ्याचं पाणी सोडण्याचं काम त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या होतं, आणि नवरा गेल्यावर ते त्याच करत. डोक्यावर पळसाच्या पानांचं टोपरं, हातात लांब बांबू.

"काऊन गा बाबू," त्या म्हणाल्या, "पाणी काऊन नाई काढू देत? मी चार दिवसांपासून वाट पाहून राह्यली."

मी समजावून सांगायला लागलो. टेकू, मातीच्या पोटातलं पाणी, पाणी एकदम उतरलं की काय होतं ते. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"एकदम म्हंजे केवढ्यात?"

"एकदम म्हणजे... एकदम. सगळं एकाच वेळी, असं धरायचं."

त्या हसायला लागल्या. टोपऱ्यावरचं पाणी त्या हसण्याने खाली सांडलं. "तळं हाये का लोटा? कोण उपडा करते गा तळ्याले?"

त्यांनी मला तुडुमापाशी नेलं. पाळीच्या आतल्या अंगाला दगडी पायऱ्या पाण्यात उतरत गेल्या होत्या. प्रत्येक पायरीला एक भोक, प्रत्येक भोकात लाकडाचा दट्ट्या. असे सहा. पाणी सोडायच्या त्या जुन्या व्यवस्थेला तिथे तुडूम म्हणतात.

"हा वरचा पयले. तेवढंच पाणी जाते, त्याच्या खालचं नाई जात. मंग दुसऱ्या दिवशी पाळीले हात लावून पाहाचं." त्यांनी पाण्याच्या किंचित वर, उघड्या मातीवर, तळवा सपाट टेकवला. "ओल खाली गेली, हाताले माती चिकटली नाई, तं दुसरा काढाचा. चिकटली तं थांबाचं. माह्या सासऱ्यानं कधी एका दिवसात दोन दट्टे नाई काढले. दोन काढले तं पाळ आत बसते, हे आमाले बी मालूम हाये. तुम्ही कागदावर काढून पाह्यलं, सासऱ्याच्या बापानं करून पाह्यलं होतं."

मी तिथे पायरीवर दट्टे मोजत उभा राहिलो. माझा हिशेब चुकलेला नव्हता. तो त्या तळ्याचा नव्हता. तिथलं कुणीही जे कधी करणार नाही, ते होईल असं धरून मी उत्तर काढलं होतं. आणि ज्या उताराने टोल्यावर कोसळायची तयारी चालवली होती, त्याच्यासाठी एक रेघही मारली नव्हती. दोन दिवस माझ्या नावावर तळं भरलेलं राहिलं होतं.

आमचे प्राध्यापक एक वाक्य नेहमी सांगतात, परिस्थिती पाहून पद्धत निवडावी. मी ते वहीत दोनदा उतरवलेलं आहे. परिस्थिती पाहायची म्हणजे कुठे पाहायची, हे त्या वाक्यात नाही. दट्टे सहा आहेत आणि ते एकेक करून निघतात, ही गोष्ट माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हती. मी विचारलीही नव्हती.

पाळीपासून शाळेपर्यंतचा रस्ता मी कसा गेलो ते आठवत नाही. ओव्हरसियर दाढी करत होते. मी दारातच उभा राहून सांगितलं, माझा कागद चुकीचा आहे. बेरीज नाही, सगळाच.

त्यांनी वस्तरा खाली ठेवला. मी ओरडा खाण्याची वाट पाहत होतो. "वर्तुळं पुन्हा काढायला किती वेळ लागेल?" त्यांनी विचारलं. एवढंच.

"दुपारपर्यंत."

"काढा. या वेळी बाहेरचा उतार."

दुपारपर्यंत तीन वर्तुळं झाली. भरलेलं तळं, पाणी झिरपत बाहेर येतंय असं धरून. दोन उत्तरं एकाच्या जरा वर, एक एकाच्या जरा खाली. आणि मातीची ताकद अजूनही पुस्तकातलीच. तो आकडा थोडा वर धरला की तिन्ही वर्तुळांत पाळ टिकत होती, थोडा खाली धरला की तिन्हींत जात होती. मी दोन्ही करून पाहिलं. मग सोमीबाईंची रीत हिशेबात बसवायचा प्रयत्न केला. पाणी एकेका पायरीने उतरतं, मधल्या काळात माती निथळते, असं धरलं तर आतला उतार टिकावा. टिकावा. यापलीकडे मला जाता येईना.

"हो की नाही?" ओव्हरसियर म्हणाले. साबण त्यांच्या कानापाशी वाळला होता.

"कागदावरून सांगता येत नाही," मी म्हणालो. "पण काढा. फुगवटा वाढतोय. रोज एक दट्ट्या. सोमीबाई म्हणतील तेव्हा."

त्यांनी नोंदवहीत आधीची ओळ खोडली नाही. तिच्याखाली दुसरी लिहिली. दोन्ही ओळी तशाच राहिल्या, दोन्ही माझ्या नावाच्या.

पहिला दट्ट्या निघाला तेव्हा पाणी घशातून आल्यासारखा आवाज करत गेलं. ते बांध्यांकडे न जाता नाल्याला सोडलं होतं, कारण बांध्या आधीच भरलेल्या होत्या. गावातली बरीच माणसं पाहायला आली होती. कुणीतरी मागून म्हणालं, "इंजिनेर बाबूले तहान लागली वाटते. तळंच पिऊन राह्यला." सगळे हसले. मीही हसायचा प्रयत्न केला.

घरी मामा हातपाय धुऊन ताटावर बसला. मामीने ताट वाढलं. भात तळ्याच्या पाण्यावरचाच, गेल्या वर्षीचा. मी पहिला घास उचलला तेव्हा मामा म्हणाला, "परवा म्हणे पाणी काढू नका. आज म्हणे काढा. तुमच्या पुस्तकात रोज नवं लिहून येते का?"

"पुस्तक तेच आहे मामा. मी पान चुकीचं घेतलं."

"आन्‌ आता बरोबर घेतलं कशावरून?"

मामी हळूच म्हणाली, "जेवू द्या वो त्याले." मामा उठून गोठ्यात गेला.

त्या पाच-सहा दिवसांची मला क्रमाने आठवण नाही. तुकडे आठवतात. सोमीबाईंचा तळवा, मातीवर टेकलेला, आणि माझी नजर त्यांच्या चेहऱ्यावर. कामटीवरच्या खुणा, एकमेकींपासून सरकणाऱ्या. शाळेच्या ओसरीत टोल्यातली एक म्हातारी गोंडीत काहीतरी पुटपुटायची, शब्द मला कळत नसत. मी पाळीच्या माथ्यावर मधोमध उभा राहायचो. डावीकडे पाहिलं की वाटायचं, पाणी फार लवकर उतरतंय. उजवीकडे पाहिलं की वाटायचं, फार हळू. एकाच पाळीवर दोन उलट्या भीती.

तिसऱ्या दट्ट्यानंतर दुपारी आतल्या बाजूने आवाज आला, पोतं जमिनीवर टाकल्यासारखा. बैलगाडीएवढा मातीचा लचका तुडुमाजवळ पाण्यात बसला होता आणि पाणी गढूळ होऊन वर्तुळं पसरत होती. मी दोन पावलं मागे सरकलो. सोमीबाई मात्र पायऱ्या उतरून कमरेएवढ्या पाण्यात गेल्या आणि दट्ट्या परत ठोकला.

"आज बस," त्या म्हणाल्या. "उद्या बी नाई."

"पण बाहेरची बाजू..." मी म्हणालो.

"माहं घर तिकडेच हाये बाबू. मले नको सांगू."

दोन दिवस थांबलो. त्या दोन दिवसांत मी एकही आकडा मांडला नाही. मग चौथा दट्ट्या. त्यानंतरच्या सकाळी कामटी लावली तेव्हा खूण कालच्याच खुणेवर आली. मी पुन्हा लावली. ओव्हरसियरांना बोलावून त्यांच्याकडून लावून घेतली. भेग थांबली होती. पाचव्या दट्ट्याची गरज पडली नाही. दोन दिवसांनी पाऊसही उघडला, ढग फाटले आणि अर्ध्या रिकाम्या तळ्यावर ऊन पडलं. मधल्या चिखलात बगळे उतरले होते.

पाळ उभी राहिली. फुगवटा वाळून त्याला तडे गेले. टोल्यातली लेकरं घरी परतली आणि मी कॉलेजात.

कार्तिकात पुन्हा गेलो तेव्हा स्वाती नक्षत्रही कोरडं गेलं होतं. हलका धान घरात आला होता. तळ्याजवळच्या बांध्यांतला भारी धानही बरा होता, कारण उरलेलं पाणी तिथवर पुरलं. पण ते टोकापर्यंत पोचलं नाही. मी एकटाच मामाच्या बांधीत शिरलो. धान उभा होता, रंगही लांबून बरा. लोंबी हातात घेतली तर तिला वजन नव्हतं. ती वाकलेलीच नव्हती. तळव्यावर चोळली, फुंकर मारली, आणि तळवा रिकामा झाला. दुसरी चोळली. दहा-बारा लोंब्या चोळल्यावर कुठे दोन-चार दाणे राहिले.

गावात लोक बोलत होते. "फुटनार फुटनार म्हणे. फुटली का? उगाच धानाचा कोंडा केला पोट्ट्यानं." मला खाली मान घालून जाण्यापलीकडे काही करता येत नव्हतं, कारण ते खोटं बोलत नव्हते. पाळ फुटली नव्हती. पाणी काढलं म्हणून फुटली नाही, की काढलं नसतं तरी फुटली नसती, हे दाखवायला आता काहीच शिल्लक नव्हतं. प्रयोगशाळेत एक नमुना मोडला की दुसरा घेता येतो. तळं एकच होतं, आणि ते वर्षही.

सोमीबाई तुडुमाच्या पायऱ्यांवरचा गाळ काढत होत्या. त्यांचीही एक बांधी वाळली होती. मी त्यांना लोकांचं बोलणं सांगितलं. "बोलू दे," त्या म्हणाल्या आणि घमेलं माझ्याकडे सरकवलं. "उभा काऊन हायेस? उचल."

सोबत्याने आत्ताच सातही वर्तुळांचं उत्तर आणून दाखवलं. तो म्हणतो, परदेशात आता असं यंत्र निघालंय की एका मिनिटात शंभर वर्तुळं काढून देतं, मग आपल्याला काय काम उरणार? मला ते यंत्र पाहायला आवडेल. त्याला पाणी किती दिवसांत उतरतं हे कुणीतरी सांगावं लागेल, आणि ते सांगणाऱ्याने आधी कुणाला तरी विचारलेलं असावं लागेल, एवढंच मला वाटतं. हे मी त्याला म्हणालो नाही. मला नीट मांडता आलं नसतं.

कार्तिकातल्या त्या मुक्कामाचा शेवटचा दिवस मात्र आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्याकडे भाचा निघाला की मामा त्याच्या पाया पडतो. मामा केवढाही म्हातारा असो, भाचा केवढाही लहान असो. लहानपणी मला त्याची गंमत वाटायची. त्या दिवशी मी ठरवलं होतं की मामा खळ्यावर गेला की मामीला सांगून निघायचं, म्हणजे त्याला ते करावं लागणार नाही. पण मामा खळ्यावर गेलाच नाही. मी पिशवी घेऊन बाहेर आलो तेव्हा तो अंगणात तणसाची, धानाच्या वाळल्या काडाची, पेंढी बांधत बसला होता. भारी धानाचं तणस. तेवढंच त्या बांध्यांतून घरात आलं होतं.

"निघाला?"

"हो मामा."

त्याने गाठ मारली, दातांनी ताणली. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, "एक गोष्ट सांग. खरी सांग. फुटली असती का?"

मला हो म्हणता आलं असतं. हो म्हटलं असतं तर त्याच्या कोंड्याला काही अर्थ आला असता, आणि मलाही मान वर करून जाता आलं असतं. एकाच्या जरा खाली आलेलं ते एक उत्तर माझ्या पिशवीतच होतं. ते दाखवता आलं असतं.

"मले माहीत नाई, मामा," मी म्हणालो. "अजून बी माहीत नाई."

त्याने पेंढी बाजूला ठेवली. मामी दारात येऊन उभी राहिली. मग मामा गुडघ्यावर हात देऊन उठला, हाताचं तणस धोतराला पुसलं आणि माझ्यासमोर येऊन वाकला. मी पाय मागे घेतला.

"हालू नको," तो म्हणाला. "नीट उभा राय."